शिट्टी ठाण्यात, सहल बर्लिनला

परदेशात शिकायला गेलं की डिग्री मिळणार की नाही हे फार उशिरा कळतं, किस्से मात्र पहिल्या आठवड्यापासून साठायला लागतात. खोलीतल्या खुर्चीवर कपडे साठतात तसे. आवरू म्हणता म्हणता ढीग होतो. मी बर्लिनला शिकून आले त्याला आता बरेच दिवस झाले, पण काय शिकलीस असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. "काय काय बघितलंस?" हेच सगळे विचारतात. आणि त्याचं उत्तर माझ्या बाबांपासून सुरू होतं, जे बर्लिनला कधी आलेच नाहीत.

बाबा म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सहलीचे तहहयात प्रमुख. पहाटेची बस, डब्यात दडपे पोहे, प्रत्येकाकडे स्वतःची पाण्याची बाटली, डोक्याला टोपी आणि बाबांच्या गळ्यात पितळी शिट्टी. ती वाजली की हातातली भजी सोडून रांगेत उभं राहायचं, मग तो सेक्रेटरी असो नाहीतर सेक्रेटरीचा जावई.

मी निघायच्या आधी काही महिने बाबा आमच्याच जिन्यावरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता जिना उतरा, बाहेर पडा, चाला. बाबा रोज कपडे करून दारापर्यंत जायचे, पहिल्या पायरीकडे बघायचे आणि परत येऊन गॅलरीत बसायचे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, यंदा जाणं रद्द करते. तर म्हणाले, "तू जा गं. मी काय, इथेच आहे."

ते "इथेच आहे" मला विमानात बसल्यावर टोचायला लागलं. म्हणून ठरवलं, दर रविवारी बर्लिन बघायचं आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवायचं. माझी समजूत अशी होती की मी दाखवणार आणि ते बघणार.

*

फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर दोघं होती. शहाडची श्वेता आणि बाळकुमचा प्रथमेश. पहिल्या सहलीसाठी बाबांचा हुकूम आला, "मोठं ठिकाण गर्दीच्या आधी उरकायचं. उजाडताना तिथे पोचा."

रविवारी बर्लिनमध्ये उजाडताना पावाचं दुकानसुद्धा उघडत नाही. तरी आम्ही बाटल्या, टोप्या आणि पोह्यांचा डबा घेऊन निघालो. रस्त्यावर बघतो तर ही गर्दी. चकचकीत कपडे घातलेली, डोळ्यांभोवती काळं फासलेली, हातात बूट घेतलेली तरुण पोरं. शनिवारी रात्री नाचायला गेलेली ही मंडळी आत्ता घरी चालली होती. आम्ही शहराच्या जगप्रसिद्ध दगडी दरवाजासमोर डबा उघडला, तर त्यातला एक चांदीच्या रंगाची पँट घातलेला मुलगा शेजारी येऊन बसला. त्याने पोहे खाल्ले, पुन्हा मागून खाल्ले आणि श्वेताच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

बाबा हे सगळं कॉलवर बघत होते. आईला हाक मारून म्हणाले, "बघ, शिस्त म्हणतात ती याला. रविवार असून सगळे उठलेत."

मी फोन हळूच दरवाजाकडे फिरवला.

*

प्रथमेशने बाळकुम नाक्यावर सिग्नलचा लाल दिवा हा एक सल्ला आहे असं मानून आयुष्य काढलेलं. बर्लिनमध्ये रस्ता रिकामा असला, लांबवर एक गाडी दिसत नसली, तरी पायी चालणारे लाल दिव्याला पुतळ्यासारखे उभे. पहिले काही दिवस तोही उभा राहिला. मग एक दिवस त्याचा संयम सुटला आणि तो सरळ पलीकडे गेला.

आमच्याशेजारी उभी असलेली एक आजी कडाडली, "लाज नाही वाटत? इथे लहान मुलं बघतायत. ती काय शिकतील?"

मी आजूबाजूला बघितलं. एकही मूल नव्हतं. आजी माझ्याकडे आणि श्वेताकडे बोट दाखवत होती.

प्रथमेश घरी येईपर्यंत कुरकुरत होता, "मी थांबलेलो ना? किती थांबायचं माणसाने?" बिल्डिंगमध्ये शिरलो तर तीच आजी तळमजल्यावरच्या दारात किल्ली फिरवत होती. फ्राऊ लेमान, म्हणजे लेमान बाई. आमची लेमान आजी झाली ती तेव्हापासून. प्रथमेश पुढे तिला दुकानातून पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणून द्यायचा, पण रस्ता ओलांडताना ती त्याचा हात धरायची. आधारासाठी नाही, तो पळू नये म्हणून.

*

म्युझियमचा किस्सा सांगताना श्वेता अजून कानाला हात लावते.

प्रचंड दालन, हजारो वर्षांपूर्वीच्या मूर्ती, माणसं श्वाससुद्धा हळू घेतायत. माझ्या कानात इअरफोन, त्यात बाबा. मी एकेका मूर्तीसमोर फोन धरत होते. तेवढ्यात प्रथमेश एकटाच पुढच्या दालनाकडे निघालेला बाबांना दिसला. सहलीत ग्रुप सोडून पुढे जाणाऱ्यांचा बाबांना भयंकर राग. नेमका त्याच क्षणी माझा इअरफोन निघाला आणि फोनचा स्पीकर चालू झाला.

शिट्टी वाजली. नौपाड्यातली, पितळी, पूर्ण दमाची.

ते दालन असं घुमलं की प्रथमेश जागच्या जागी सावधानमध्ये उभा राहिला. त्याचं सोडा, कुठल्या तरी भलत्याच देशाच्या टुरिस्टांचा एक ग्रुप लगबगीने येऊन श्वेतासमोर रांगेत उभा राहिला. श्वेताने पिवळी टोपी घातलेली, त्यांना ती गाइड वाटली असावी. गार्ड धावत आला. आम्ही काही बोलायच्या आत त्याने रांगेकडे आणि श्वेताकडे बघितलं आणि कडक आवाजात म्हणाला, "तुमचा ग्रुप ताबडतोब बाहेर न्या."

श्वेताने नेला.

*

शहराच्या मधोमध टीव्हीचा उंच मनोरा आहे. लेमान आजीचा जन्म बर्लिनचा. तो मनोरा बांधताना तिने बघितलेला, आणि वर मात्र ती कधीच गेली नव्हती. "आमच्या शहाडला तसंच," श्वेता म्हणाली. "नदी एवढी जवळ, पण मुद्दाम बघायला कोण जातं?" मग आम्ही आजीलाच सहलीला घेतलं. बाबांच्या नियमाप्रमाणे बाटली आणि टोपीसकट.

वर गेल्यावर सगळं शहर पायाशी पसरलेलं. आजीने दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही. आम्हाला वाटलं, म्हातारीला भरून आलं. प्रथमेशने हळूच पाठीवर हात ठेवला. आजी म्हणाली, "मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून आले."

कॉलवर बाबा पोट धरून हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी मूर्खासारखी रडले. आजीने फोन माझ्या हातातून घेतला आणि बाबांना विचारलं, "तुमच्या गावात काय बघण्यासारखं आहे?" मी मराठीत सांगितलं.

बाबांनी डोकं खाजवलं. ज्या माणसाला कोकणातले धबधबे आणि देशावरचे किल्ले पाठ, त्याला उत्तर सुचेना. शेवटी म्हणाले, "ठाण्यातून आम्ही लोकांना बाहेर नेतो. ठाण्यात काय बघायचं?"

मागून आई म्हणाली, "तलाव आहे की."

"तो काय, खालीच आहे."

मी तेही आजीला सांगितलं. आजीला एवढंच कळलं की तलाव आहे आणि जवळ आहे. म्हणाली, "मग पुढच्या रविवारी तुम्ही दाखवा." तिला जिन्याचं काही माहीत नव्हतं. मी तिचं म्हणणं बाबांना मराठीत सांगून बसले आणि मग जीभ चावली.

बाबा म्हणाले, "बघू." आणि फोन ठेवला. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

*

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. कधी नेटवर्क नाही, कधी बाबा झोपलेत. आईला खोदून विचारलं तर ती म्हणायची, "तू अभ्यास कर." आमच्या सहलीही थंडावल्या. बाटली नाही, टोपी नाही, नुसतंच भटकायचं. बाबांना नको ते विचारलं गेलं, आता ते कॉलवरसुद्धा बाहेर पडायचे नाहीत, याची मला खरोखर भीती वाटत होती. लेमान आजी तेवढी दर रविवारी टोपी घालून दारात तयार असायची आणि विचारायची, "तलाव आज आहे का?"

असेच एका रविवारी आम्ही चौघं नदीच्या पुलावर होतो. श्वेता फोटो काढत होती, प्रथमेश कठड्याला टेकून सँडविच खात होता, आजी बदकांवर रागावत होती. फोन वाजला. व्हिडिओवर आधी आईचं कोपर दिसलं, मग अंधार, मग एक भिंत. ती भिंत मी ओळखली. आमच्या जिन्याची, हिरवी, पोपडे आलेली.

"आई, काय झालं? बाबा कुठायत?"

"बोलू नकोस," आई कुजबुजली. "उतरतायत."

बाबांची पाठ दिसत होती. एक हात कठड्यावर, एक हात काठीवर. एक पायरी, मग थांबणं. पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात ते टेकले. आई म्हणाली, परत जायचं का? बाबांनी नुसती मान हलवली. प्रथमेशने सँडविच गुंडाळून खिशात घातलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर एकदम उजेड आला, आणि रिक्षावाल्याचा आवाज, "सावकाश काका, घाई नाय."

रिक्षा थांबली तेव्हा ठाण्यात संध्याकाळ व्हायला आलेली. मागे पाणी, पाण्यात होड्या, काठावर भेळ खाणारी माणसं. आणि मधोमध बाबा. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. दम लागलेला, पण आवाज बसच्या दारातला.

"नमस्कार मंडळी. हा आमचा मासुंदा तलाव. मधे दिसतंय ते शंकराचं देऊळ. आधी देऊळ बघायचं, मग होड्या, खाणं सगळ्यात शेवटी." मी आजीला जर्मनमध्ये सांगत होते. बाबांनी डोळे बारीक करून फोनमध्ये बघितलं. पुलावर आम्ही चौघं चार दिशांना.

त्यांनी शर्टाच्या आतून शिट्टी काढली.

बर्लिनच्या पुलावर रांग लागली. सगळ्यात पुढे लेमान आजी होती.