लग्नाच्या मांडवातील तीन अर्ज

१ जानेवारी २०२५ पासून, रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, कर्जदारांच्या परतफेडीची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवणे बँकांना बंधनकारक झाले. हा आदेश कोणासाठी निघाला, याविषयी सुपा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रेस मशीन चालवणाऱ्या भीमराजला तिळमात्र शंका नाही. तो त्याच्यासाठी निघाला.

तेव्हापासून, पंधरवड्याची माहिती एव्हाना चढली असेल या हिशेबाने, दर महिन्याच्या सात आणि बावीस तारखेला तो हात स्वच्छ धुऊन मोबाईलवर आपला पत-गुणांक, म्हणजे सिबिल स्कोअर, पाहतो. कारखान्यात त्याला ‘सिबिल सर’ म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत तो सहकाऱ्यांना विनामूल्य आणि बहुधा विनाविचारणा मार्गदर्शन करतो. सांगण्याजोगा इतिहास त्याच्याजवळ आहे, हे मान्य करावे लागते. २०२१ मध्ये कारखाना काही काळ बंद असताना त्याने क्रेडिट कार्डाचे आठ हप्ते थकवले आणि पुढे अर्ध्या रकमेत तडजोड केली. अहवालावर त्या खात्यासमोर ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेले, असा शेरा पडला. ‘मुलगा सेटल झाला’ म्हणतात तशातलाच हा प्रकार असावा, असे समजून तो दोन वर्षे समाधानी होता.

हे समाधान मोडण्याचे काम घराने केले. तो आणि पत्नी सीमा ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात, त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सीमा कामगारांसाठी बेचाळीस डबे तयार करते. घरमालक राधाकृष्ण अण्णांनी ही जागा चौदा लाखांना विकायला काढली. पहिला हक्क भाडेकरूंचा, मुदत ३० जून २०२५. त्यानंतर ती शेजारच्या गोदामवाल्याला जाणार होती, आणि गोदामवाल्याला चुलीची गरज नव्हती. गृहकर्ज न मिळाल्यास घर आणि धंदा दोन्ही एकाच दिवशी जाणार, इतके हे सरळ होते.

बँकेतील कर्ज अधिकारी रोहिणी मॅडम यांनी उपाय सांगितला होता. भीमराजने जुन्या कार्डाची उरलेली रक्कम फेडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घेतले. त्यावर फक्त पेट्रोल भरायचे, बिल आले की पूर्ण चुकवायचे. आणि मुख्य अट अशी की, सहा महिने कोणत्याही बँकेत नवा अर्ज करायचा नाही. अर्जागणिक बँक अहवाल तपासते, त्या तपासणीची नोंद राहते, आणि अशा नोंदी एकदम वाढल्या की माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा अर्थ काढला जातो. गृहकर्जासाठी शाखेला ७५० गुण हवे होते.

भीमराजने ही अट कडक उपवासासारखी पाळली आणि उपवास करणाऱ्याच्या उत्साहाने ती जगाला ऐकवली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात ‘अर्ज बंद’ असे लिहिलेले आहे. ही टिपणे करताना ते पान मी पाहिले. २२ एप्रिलला गुण ७४४ होते.

४ मे रोजी, रविवारी, कोल्हारला त्याच्या पुतणीचे लग्न होते. भाचा अंगद तेथे बँकेचा टॅब घेऊन आला होता. तो महिनाभरापूर्वीच कार्ड खपवण्याच्या नोकरीला लागला होता.

“मामा, फकस्त फॉर्म भरा. कार्ड आलं तर कात्रीनं कापून टाका.”

“आरं, माझं सहा महिन्याचं पथ्य हाय.”

“आठ फॉर्मचं टार्गेट हाय, सात झाल्यात. आईला काय सांगू? मामानं न्हाई म्हणलं?”

भाच्याला नाही म्हणणारा मामा त्या मंडपात अद्याप जन्माला आला नव्हता. भीमराजने पॅन क्रमांक दिला आणि बँडच्या आवाजावरून ओटीपी ओरडून सांगितला. तो ओटीपी सीमाचा भाऊ हनुमंत याने ऐकला. हनुमंतही याच व्यवसायात होता, फक्त बँक वेगळी.

“दाजी, बहिणीकडचं रगत जास्त लाल हाय व्हय? आमी काय नुसतं अक्षता टाकायला आलोय?”

टोपी-टॉवेलचा मान एका बाजूला केला की दुसऱ्या बाजूलाही करावा लागतो, हा नियम भीमराजला कर्जाच्या नियमापेक्षा तीस वर्षे आधीपासून ठाऊक होता. दुसरा अर्ज भरला गेला. पंगतीत वाढणारा चुलतभाऊ कानिफनाथ हातातली बुंदीची परात तशीच धरून उभा राहिला. त्याला एका ॲपवरून प्रत्येक अर्जामागे पाचशे रुपये मिळत.

“भीमा, भावकी फकस्त वाढायला का?”

तिसरा अर्ज परातीच्या आडोशाने भरला गेला. भीमराजच्या म्हणण्याप्रमाणे तिघांत मिळून दोन तास गेले; सीमाच्या म्हणण्याप्रमाणे वीस मिनिटे. अहवालावर केवळ तारीख असते, वेळ नसते. त्यामुळे या मुद्द्याचा निकाल लागत नाही. त्या वीस मिनिटांत (किंवा दोन तासांत) सीमा कोठे होती, हे मात्र निश्चित आहे. ती वधूच्या मावशीला डब्याचा दर सांगत होती. परतीच्या टेम्पोत भीमराजने तिला हे सांगितले. सुप्याला घराचे कुलूप उघडताना ती म्हणाली,

“आहेरात घर दिलंत. साडी तरी द्यायची हुती, सस्तात पडलं असतं.”

तिन्ही अर्ज नामंजूर झाले. रक्कम फेडल्यावरही इतिहासात दिसणाऱ्या जुन्या ‘सेटल्ड’ शेऱ्याकडे बोट दाखवून अंगदच्या बँकेने तर चार मिनिटांत नकार कळवला. नामंजूर अर्ज टार्गेटमध्ये धरत नाहीत, हे अंगदला तेव्हा कळले. त्याने जूनमध्ये नोकरी सोडली. ७ जूनला भीमराजचे गुण ७१९ होते. त्या दिवशी हात धुतले होते की नाही, याची नोंद नाही.

रोहिणी मॅडमनी अहवाल पुढे सरकवला. “एकाच दिवशी तीन चौकशा? कुठं आग लागली होती का?”

“लग्न होतं, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि डिसेंबरमध्ये यायला सांगितले. मध्ये एकही अर्ज नको, हे त्यांनी कागदावर लिहून दिले आणि भीमराजच्या डोक्यावरून तो कागद त्याच्या मागे उभ्या असलेल्या सीमाच्या हातात दिला.

२८ जूनला दोघे राधाकृष्ण अण्णांकडे मुदत मागायला गेले. अण्णांनी चहा पाजला. डिसेंबरपर्यंत थांबायला ते तयार होते, किंमतही वाढवणार नव्हते. गोदामवाल्याशी त्यांचे तसेही पटत नव्हते. उठताना त्यांनी सहज म्हटले,

“आमचे जावई रामहरी, सध्या एका बँकेचं कार्डाचं काम बघतात. एक फॉर्म तेवढा भरून टाक. घरचंच समज.”

भीमराजने तोंड उघडले. सीमाने त्याच्या आधी उघडले.

“अण्णा, ह्यांचं पॅनकार्ड हरवलंय.”

पॅनकार्ड हरवलेले नाही. ते बाजरीच्या पिठाच्या डब्यात आहे, आणि सीमाने मला तो डबा दुरून दाखवला. पण त्याचा क्रमांक भीमराजला तोंडपाठ आहे, आणि अण्णांचा जावई आठवड्यातून दोनदा कारखान्याच्या फाटकासमोरच छत्री लावून बसतो.

ही टिपणे ऑगस्टमध्ये संपवली. भीमराजने तो चौथा अर्ज भरला की नाही, हे मला माहीत नाही. विचारले असता तो गुणांकाचे नियम समजावून सांगू लागला. भरला असल्यास ती नोंद अहवालात दिसेल, पण पूर्ण अहवालाची प्रत काढण्याचा अधिकार त्याचा आहे. जूननंतर त्याने ती काढलेली नाही. डिसेंबरमध्ये कर्ज मिळेल का, आणि जावयाचा फॉर्म भरला नसेल तर अण्णा आपल्या शब्दाला जागतील का, या दोन्ही गोष्टी आज अज्ञात आहेत. बेचाळीस डबे अजून त्याच शेडमधून निघतात.