बयाची हाक

सन दोन हजार तेवीस. माहं वय आधार कार्डावर अडुसष्ट आहे, पण ते कार्ड काढणाऱ्या पोरानं माह्या तोंडाकडे पाहून लिहिलं. मायच्या हिशेबानं मी सत्तरी कधीच ओलांडली होती.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालं होतं अन् जिथं तिथं त्याच्या भुशाचे, कुटाराचे ढीग लागले होते. सकाळी मी राखुंडीनं दात घासून राह्यलो होतो, तेवढ्यात घंटागाडीवरचा भोंगा आमच्या बोळीत आला. "उद्या सकाळी डुकरं पकडणारी गाडी येणार आहे. ज्याने त्याने आपापले जनावर बंदिस्त ठेवावे. मोकाट दिसलेले जनावर उचलल्या जाईल."

मले कायचा घोर? माही डुकरं कोठ्यात होती. तुराट्यांचा कूड मी स्वतः बांधलेला, त्याले बाहेरून काट्याची फांदी. तरी चूळ भरली अन् पाहून आलो. सगळे होते. फक्त बया नव्हती.

बया म्हणजे आमची डुकरीण, दिवसा मोकळी फिरे अन् रात्री कोठ्यात येई. पोट पार जमिनीले टेकलेलं. आदल्या दिवशी सांजच्या वक्ताले मी तिले तोंडात कुटार धरून बोळीतून जाताना पाह्यलं होतं, अन् तेव्हाच समजायला पाहिजे होतं. डुकरीण व्याले झाली की ती घर करते. गवत, चिंध्या, पोत्याचे तुकडे, जे सापडल ते नेते अन् एखाद्या आडजागी गोल खळगा करून बसते. मंग ती कोणाले दिसत नाही. दिसली तर उठत नाही, अन् उठवली तर चावते.

म्हणजे ती कुठं तरी बाहेर होती, पिलं घेऊन नाहीतर पोटात घेऊन, अन् उद्या गाडी येणार होती.

बया म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय तो घोर कोणाले कळणार नाही. आमच्यात पहिले पोरीले आंदणात भांडे देवोत न देवोत, एक मादी पिल्लू देत. आता फ्रीज देतात. माही घरची रिसोडकडची. लग्न लागल्यावर ती मांडीवर टोपलं घेऊन माह्याशेजारी एसटीत बसली. टोपल्यातून कुईकुई निघाली तसा कंडक्टर म्हणे, "काय हाय वं बाई त्याच्यात?"

ती म्हणे, "लहान बहीण हाय माही."

त्यानं फडकं उचलून पाह्यलं. म्हणे, "तोंडावळा मिळते."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. तेवढ्यावरून गाव येईपर्यंत ती माह्याशी बोलली नाही.

त्या पिल्लाची पोर, तिची पोर, तिच्याही पोरीची पोर, अशी ती वेल आमच्या घरात चालत आली. डाव्या कानाले चीर, माह्या घरचीच्या बापाकडची खूण. आमची खूण उजव्या कानाले असते, ती बाकीच्या डुकरांले. नर विका, पोरी विका, पण वेलीतली एक घरी राह्यलीच पाहिजे, हा माह्या घरचीचा कायदा. अन् सगळ्यांले नाव एकच, बया. मागच्या सालात डुकरांवर तापाचा रोग आला. वेलीतल्या तीन होत्या, त्यातली ही एकटी वाचली.

लोकं डुकराले घाण म्हणतात. म्हणोत. डुक्कर जिथं निजते तिथं हगत नाही, हे मी जन्मभर पाह्यलं. माणसाचं असं सांगता येत नाही. सोनाराची कुंची डुकराच्या केसाची असते, त्यानं सोनं साफ होते अन् मंग ते गळ्यात घालतात. गुडघे धरले की मोठमोठ्या घरचे लोक चरबी मागाले येतात, पण मागच्या दारानं. देवाच्या कॅलेंडरावर डुकराच्या तोंडाचा देव सुळ्यावर धरती उचलून उभा आहे, त्याले उदबत्ती. अन् आमची डुकरीण रस्त्यानं गेली की गोटा. रानडुकरं वावर उकरून जातात, अन् राग निघतो गावडुकरावर. हे सगळं मी कोणाले बोलून दाखवत नाही. इथं सांगितलं.

तर मी शोधाले निघालो. नाल्यात पाह्यलं, शाळेच्या मागं पाह्यलं, कुटाराचा एक एक ढीग काठीनं खुपसून पाह्यला. माही हाक आहे, छातीतून निघणारी, "होऽऽ याऽऽ". त्या हाकेवर कोठ्यातले सगळे शेपूट हलवत येतात. बया येत नाही. त्या वेलीतली एकही कधी माह्या हाकेवर आली नाही. त्या येत माह्या घरचीच्या हाकेवर. ती हाक तिनं माहेरून टोपल्यासंगंच आणली होती. बारीक, लांब, गावाच्या या टोकावरून त्या टोकाले जाणारी, "ये वं बयाऽऽ, हुई हुई हुईऽऽ". मी तिले चिडवत असे, "अवं, डुकरीण बलावून राह्यली की शिट्टी वाजवून राह्यली?"

पण आता ती हाक राह्यली नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या गळ्याचं आप्रेशन झालं. तंबाखूनं गळा खाल्ला होता. जीव वाचला, आवाज काढून घेतला. गळ्याले भोक, त्याच्यावर जाळीचं फडकं. लेक-सून पुण्याकडे बांधकामावर, घरात आम्ही दोघंच. ती चुटक्या वाजवते, टाळी वाजवते, अन् मले सगळं समजते. नाही समजलं तर हातात असल ते फेकून मारते.

दुपार झाली तसा मी घरी आलो. तिनं भुवया उचलल्या. मी म्हणलं, "नाई सापडली." तिनं आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, मंग माह्याकडे दाखवलं. मंग हाताचा पंजा तोंडाशी नेऊन दूर फेकला.

मले समजलं. मी म्हणलं, "मी? मी काय बाई हाय का?"

तिनं परत तेच केलं.

"अख्ख्या गावात म्या बायकी आवाज काढत फिरू? या वयात? जमणार नाई."

ती उठली. ताटली घेतली, पळी घेतली अन् निघाली. मी मागं मागं. ताटली वाजवत ती चौकात आली. तिथं सरपंचबाईच्या नवऱ्याचं किराणा दुकान. सही बाईची असते, कारभार हा पाहते. ओट्यावर चार-दोन लोक बसले होते. तो म्हणाला, "काय बुवा, बुढीले घेऊन वरात काढली का?"

मी म्हणलं, "डुकरीण पाहून राह्यलो."

"उद्यापर्यंत सापडली तर ठीक. मंग मले सांगू नका. लोकांची लय ओरड हाय तुमच्या डुकरांची. गाडी बाहेरची हाय, ते रिकामे जात नाईत."

"मी कोणाले सांगाले आलो नाई," मी म्हणलं. हात जोडणं माह्या अंगात नाही.

हे बोलणं चालू होतं तेवढ्यात ताटली थांबली. मी पाह्यलं तर ती चौकाच्या मधात उभी. मान वर केली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. हाक मारून राह्यली होती. आवाज काही निघाला नाही. फडक्याखालून नुसती हवा निघाली, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी. तिनं परत मारली. परत हवा. ओट्यावरचे लोक खाली पाहू लागले.

मले ते पाहणं झालं नाही. मी टोपी काढून खिशात घातली, का ते मले माहीत नाही, अन् हाक मारली.

"ये वं बयाऽऽ"

आवाज फाटला. कोंबड्याची मान दाबल्यासारखा निघाला. ओट्यावर जे हसू फुटलं ते बोळीपर्यंत गेलं. "बुवा, आता लुगडंच नेसा," सरपंचबाईचा नवरा म्हणाला. माह्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं तिकडे पाह्यलंच नाही. माह्यासमोर येऊन उभी राह्यली अन् हात वर केला. वर, अजून वर. मंग दोरी ओढल्यासारखा लांब ओढला.

मी परत मारली. तिनं मान हलवली, नाही. नाक दाबून दाखवलं, म्हणजे नाकातून काढ. पन्नास वर्षं जी हाक कानावर पडत होती, ती मले येत नव्हती. बोळी बोळी फिरलो, मी हाका मारत अन् ती हातानं वर-खाली करत. लोकं दारात येऊन पाहत. सूर्य खाली चालला होता. उद्या फास टाकतील, पाय बांधतील, पिलं एकीकडे फेकतील. मले तेच दिसत होतं. अन् बया गेली तर ही घरात कोणाकडे पाहून बसल?

ग्रामपंचायतीच्या मागं पोहचलो तेव्हा तिनं माह्या पोटावर हात दाबला अन् मी मारली.

"ये वं बयाऽऽ, हुई हुई हुईऽऽ"

माह्या तोंडातून तिचा आवाज निघाला. मीच दचकलो. अन् उत्तर आलं. "हुं. हुं हुं."

तिथं पंचायतीचा संडास आहे, अर्धा बांधलेला. भिंती झाल्या, पत्रे झाले, दार नाही, भांडं नाही. पण फोटो काढून, संडास चालू झाला म्हणून सरपंचबाईच्या सहीनं वर सरकारले कळवलेलं, अन् पेंटरनं पहिलेच पाटी रंगवलेली. मले जोडाक्षरं जमत नाहीत, पण त्या पाटीत जोडाक्षर नव्हतं. 'महिला'.

आत बया आडवी पडली होती. कुटार, खताचं पोतं, निवडणुकीचा फाटका फ्लेक्स, अन् सगळ्यात वर माह्या घरचीचं लुगडं, जे दोन दिवसांपासून दोरीवरून गायब होतं अन् ज्याच्यासाठी ती शेजारणीशी हातवाऱ्यानं भांडली होती. पिलं थानाले लागलेली, ओली, चिकटून. मी मोजाले बोट उचललं तसा माह्या घरचीनं बोटावर फटका मारला. पाचवीपर्यंत पिलं मोजायची नाहीत, नजर लागते. मंग ती खाली बसली अन् हसू लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

पण बयाले हलवता येत नव्हतं. पहिल्या दिवशी जागेवरून उठवली तर डुकरीण बिथरते, पिलांवर पडते, नाहीतर तोंडानं फाडते. सरपंचबाईचा नवरा मागून आला होता. आत डोकावला. मले वाटलं होतं हसल. हसला नाही. म्हणे, "बुवा, उद्या ते लोक कोपरा न् कोपरा पाहतात. मी काही बोलू शकत नाई." अन् गेला.

माह्या घरचीनं मले हातानं सांगितलं, गोधडी आण. मी आणली. ती तिथंच राह्यली. मी घरी आलो अन् बसून राह्यलो. झोपेचं नाव नाही. काय करावं ते सुचत नव्हतं, अन् कोणाच्या पाया पडणं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कण्या शिजवल्या, त्यात गूळ टाकला, जसं माह्या सुनेच्या बाळंतपणात केलं होतं. कण्यांचा गंज डोक्यावर घेऊन चौकातून गेलो अन् संडासाच्या दारात उंबऱ्यावर बसलो. गाडी आली. जाळीची, मागं फास घेतलेले दोन जण. नाला पाहून आले, शाळा पाहून आले, अन् माह्यासमोर उभे राह्यले. मागं सरपंचबाईचा नवरा अन् अर्धं गाव.

फासवाला म्हणे, "बाबा, हटो. अंदर क्या है?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. "वाचता येते का? आंदर बाळंतीण हाय."

त्यानं मान पुढं केली. आत माह्या घरचीनं डोक्यावरचा पदर खाली ओढला अन् त्याच्याकडे पाह्यलं. तो झटकन मागं झाला. तेवढ्यात आतून "हुं हुं" आलं. तो थांबला. माह्या तोंडाकडे पाह्यलं, गंजातल्या कण्यांकडे पाह्यलं. तो सरपंचबाईच्या नवऱ्याकडे वळला. "ये संडास चालू है क्या?"

सरपंचबाईचा नवरा पाटीकडे पाहत राह्यला, मंग लोकांकडे, मंग माह्याकडे.

"चालू हाय," तो म्हणाला. "बायाइचा हाय. चला तिकडे."

फासवाला जाता जाता वाकला अन् हळूच मले म्हणे, "बच्चे कितने?"

मी म्हणलं, "मोजत नाई आमी."

त्यानं मान हलवली, म्हणजे त्याच्या घरीही मोजत नसतील. गाडी गेली.

बयानं कण्या खाल्ल्या अन् पाणी पाहू लागली. मी बादली घेऊन नळावर गेलो. तिथं बाया रांगेत होत्या. एक म्हणे, "बुवा, काल लय गोड हाक मारली म्हणते तुमी. आमाले तं ऐकूच नाई आली."

सगळ्या हसल्या. मी बादली खाली ठेवली, मान वर केली अन् त्यांच्यासमोर मारली, पुरी, हुई हुई हुईपर्यंत. मंग रांगेत लागलो.