काच शाबूत

"चहा नोको, पानी नोको, पयले काच पाहू द्या," असं म्हणतच मिस्त्रीचाचा घरात शिरायचे. चपला उंबऱ्याबाहेर, टोपी जरा मागे, आणि घरातल्या माणसांकडे न बघता सरळ भिंतीपाशी. एक हात भिंतीवर सपाट ठेवून ते उभे राहायचे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही, चुलीवरचं भांडंसुद्धा हलवायचं नाही, असा आमच्या ओळीत रिवाजच पडला होता. तुम्ही वैद्याला नाडी पाहताना बघितलं असेल. पण वैद्य निदान मधून मधून चेहऱ्याकडे बघतो. चाचा तेही करत नसत. मग हात काढून वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "शाबूत."

तो शब्द कानावर पडला की मी पुन्हा पोळ्यांकडे वळायची.

आमची वसाहत म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांसाठी सरकारनं बांधलेली क्वार्टर्स, आमच्या तोंडी कॉटरी. आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास त्या उभ्या राहिल्या. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. एक खोली, एक न्हाणी, वर कवेलूंचं छप्पर, पुढे हातभर ओटा. तुम्हाला हे फार वाटणार नाही. पण त्याआधी आम्ही नाल्याच्या काठी तुराट्यांच्या कुडात राहत होतो. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी चुलीपर्यंत आलं, चार दिवस घरात ओल राहिली, आणि माझा पहिला मुलगा तिसऱ्या महिन्यात तापानं गेला. कॉटरीची किल्ली हातात आली तेव्हा मी कुलूप उघडायचं सोडून दाराला डोकं टेकून रडत बसले होते. आमचे हे म्हणाले, "लोक पाहून राह्यले." पाहू देत म्हटलं.

कॉटरीच्या पाच ओळी होत्या. पहिल्या चार मुरमाड जमिनीवर, पाचवी, म्हणजे आमची, काळ्या जमिनीत. काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. वैशाखात आमच्या अंगणात अशा भेगा पडत की एकदा माझ्या हातून डाव निसटला तो भेगेत गेला, आणि काठी घालून ढवळलं तरी काठीला लागला नाही. मातीनं वर ओढलं, खाली सोडलं, की भिंतही चिरत जायची.

ती ओळ चाचांनीच बांधली होती. पाया खणताना ते ठेकेदाराशी बोलले होते. "म्या सांगतलं त्याले, मुरूम लागला नाही अजून, आनखी खंदा. तो म्हने, तू इटा लाव." एवढं सांगून ते खाली बघत म्हणायचे, "मंग म्या लावल्या." बांधकाम संपल्यावर देखरेखीसाठी सरकारनं त्यांनाच ठेवून घेतलं. म्हणजे आपल्याच हातच्या भिंतींवर पहारा करायचा.

पहारा काचेचा होता. भेगेवर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी धरायची आणि दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून ती बसवायची. गोळा ओला असताना त्यावर खिळ्यानं तारीख कोरायची. चाचा ती उर्दू आकड्यांत कोरत. भिंत जागची हलली की काच तडकणार. काच तडकली की चाचांनी वर कळवायचं, आणि कळवलं की खोली दोन दिवसांत रिकामी करायची. दुरुस्ती होईपर्यंत कुठं राहायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

त्यांचा आमच्यावरचा राग एकाच गोष्टीवरून, पाणी. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी दिसलं की त्यांचा आवाज पहिल्या ओळीपर्यंत जायचा. "ही मट्टी कायले पाजता बाई तुमी? दूध देनार हाये का ती?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि ते गेले की पुन्हा तिथंच घागर उपडी करायच्या. मी तर भिंतीला लागून कारल्याचा वेल लावला होता. फळं धरली त्याच आठवड्यात चाचांनी तो मुळासकट उपटला. मी भांडले. ते म्हणाले, "कारलं खाचं का घरात राहाचं, एक सांग!" पुढच्या शनिवारी कागदाच्या पुडीत कारल्याचं बी घेऊन आले. भिंतीपासून चार हात मोजले आणि अंगणात स्वतः टोचलं. तो वेल असा फोफावला की सगळ्या ओळीनं कारली खाल्ली. चाचांना मात्र कारलं आवडत नव्हतं.

त्यांचा पत्र्याचा डबा आमच्या घरी फळीवर असायचा. त्यात सिमेंट, थापी आणि काचेच्या पट्ट्यांचा जुडगा होता. दर शनिवारी आमच्यापासून फेरी सुरू होई, म्हणून ते तो इथंच ठेवत. "तुह्या घरी डबा म्हंजे माह्याच घरी," असं म्हणायचे.

शेजारी याडी राहायची. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचा मुलगा जिनमध्ये हमाल होता, पण सगळी ओळ तिला याडीच म्हणे. आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीला भेग पडली तेव्हा चाचा आधी तिच्याकडे काच लावायला गेले. तिनं दारातच अडवलं. "काच आज नाही उद्या फुटनच. फुटकी काच घरात म्हंजे मरन घरात. नोको बाप्पा." चाचांनी पुष्कळ समजावलं, शेवटी हात टेकले. "मंग या बाजूनं लावतो. भिंत तं एकच हाये." अशी दोन घरांची मिळून एक काच माझ्या घरात लागली. दर शनिवारी भिंतीपलीकडून याडी ओरडून विचारायची, "काय झालं वो?" आणि मी ओरडून सांगायची, "शाबूत, याडी!"

एका चैत्रात आमच्या ओळीच्या टोकाच्या खोलीतली काच फुटली. नवरा-बायको आणि तीन मुली. चाचांनी कळवलं आणि दोन दिवसांत खोली रिकामी झाली. बंडीवर त्यांची पेटी चाचांनीच चढवली. बंडी नाल्याकडे वळेपर्यंत ते उभे राहिले, मग त्या रिकाम्या ओट्यावर दिवस मावळेस्तोवर बसून होते. दुरुस्तीचा हुकूम वरून यायचा होता, तो आला नाही. पावसाळा लागला तरी त्या दाराला कुलूपच. पाणी भरायला जाताना मी त्या कुलपाकडे बघायचं टाळायची.

माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती.

श्रावण सरताना एका बुधवारी, सकाळी, ती पाळण्यात झोपली होती आणि मी तांदूळ निवडत होते. टिक्, एवढाच आवाज झाला. वर बघितलं तर काच मधोमध तडकली होती. जिन पावसाळ्यात बंद, म्हणून आमचे हे दिग्रसला दुसऱ्या कामावर गेले होते. घरात विचारायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगते, कोणी असतं तरी मी विचारलं नसतं. माझ्या डोळ्यांपुढे नाला होता. मी दाराला कडी घातली. उलथण्यानं दोन्ही गोळे खरवडून काढले. फळीवरचा डबा उतरवला, त्यातली एक पट्टी घेतली, सिमेंट कालवलं. जुन्या गोळ्यावरचे उर्दू आकडे मला वाचता येत नव्हते, पण रांगोळीचा हात चांगला होता. खिळा घेऊन मी ते जसेच्या तसे काढले. फुटके तुकडे फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवले.

शनिवारी चाचा आले. टोपी मागे, हात भिंतीवर. त्या दिवशी त्यांचा हात बराच वेळ भिंतीवर होता. मग बोट आकड्यांवरून फिरलं, एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी फळीवरच्या डब्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग वही काढून लिहिलं आणि म्हणाले, "शाबूत."

"काय झालं वो?" पलीकडून याडी.

"शाबूत, याडी," मी म्हटलं.

चाचांनी पाळण्याची दोरी भिंतीच्या खुंटीवरून स्वतः सोडली आणि पाळणा समोरच्या बाजूला बांधला. "मंगळवारपर्यंत या भिंतीपाशी बसू नोको. पोरीले झोपवू नोको. मंगळवारी मी येतो." मंगळवारी काय आहे, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. त्यांनी याडीचीही खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली. ती कुरकुरत होती, ते मला ऐकू येत होतं. जाता जाता आमच्या दारात थांबून प्यायला पाणी मागितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी काही घेतलं नव्हतं. मी तांब्या भरून दिला.

रविवारी झड लागली. सोमवारी दुपारी पाऊस थोडा थांबला म्हणून मी मुलीला कडेवर घेऊन नळावर गेले. याडीचा मुलगा आणि सून निंदणासाठी तांड्यावर गेलेले, ती एकटी घरात. मधे खाट असली की चालायला अडचण होते म्हणून तिनं ती पुन्हा भिंतीला लावली होती. तिला अडवायचं कोणी, आणि काय सांगून?

आवाज मोठा नव्हता. गाडीतून माती ओतावी, तेवढाच. सगळ्यांच्या आधी धावत आले ते चाचा, पहिल्या ओळीकडून. दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे. सोमवारी ते वसाहतीत काय करत होते आणि हाताला चुना कशाचा, हे त्या गोंधळात माझ्या मनातही आलं नाही. ते त्याच हातांनी विटा उपसत होते आणि "याडी, वो याडी" करत होते. याडीच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या आधी दिसल्या. ती गेली होती.

बुधवारी चौकशीला साहेब आले. सगळी ओळ गोळा झाली. साहेबांनी वही उघडली.

"शनिवारी 'काच शाबूत' असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलं?"

"हो साहेब."

"दोन दिवसांत भिंत पडते, आणि काच शाबूत?"

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. "माही नजर कमजोर झाली, साहेब. फुटली असन. मले दिसली नाही."

मी पाच हातांवर उभी होते, मुलगी खांद्यावर. नुसतं "मी" म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही. याडीचा मुलगा पुढे झाला आणि चाचांच्या पायाशी थुंकला. "या आंधळ्यानं माही याडी मारली." तेही मी ऐकलं. चाचांनी मान खाली घातली, मी मुलीच्या झबल्यात तोंड लपवलं.

त्यांना कामावरून काढलं. आर्णीला त्यांची मुलगी दिली होती, तिकडे जायला ते मोटारीच्या थांब्यावर उभे होते. थापी पोत्यात गुंडाळून काखेत. मी धावत गेले खरी, पण समोर उभी राहिल्यावर नुसती रडत राहिले. तेच म्हणाले, "रडू नोको बेटी. पानी भिंतीपासून दूर सोडत जाय." मोटार आली. मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. दोन वर्षांनी आर्णीहून आलेल्या एका कासारणीनं सांगितलं, ते वारले म्हणून.

चाचा गेले त्याच आठवड्यात आमची ओळ सरकारनं रिकामी केली. बाकीची घरं कुठं कुठं पांगली. आम्ही बंडी सांगून ठेवली होती, नाल्याकडेच जायचं होतं. इतक्यात कचेरीतला शिपाई किल्ली घेऊन आला. पहिल्या ओळीच्या टोकाला अवजारांची खोली होती. ती राहण्यासाठी द्यावी, असा अर्ज मिस्त्रींनी चैत्रातच केला होता, आमच्या ओळीतली टोकाची खोली रिकामी झाली त्या आठवड्यात. त्याची मंजुरी भिंत पडायच्या आधीच्या शनिवारी आली होती. शिपाई म्हणाला, "बुढ्यानं अर्जावर तुमचं नाव घालून ठेवलं होतं. मंगळवारी ताबा द्याचा होता."

मी दार उघडलं. फावडी-घमेली बाहेर काढलेली, खोली झाडलेली. तीन भिंतींना चुना लागलेला होता, चौथी अर्धी राहिली होती आणि कुंचला घमेल्यात तसाच वाळून गेला होता. न्हाणीची नाली दगड लावून लांब, पार रस्त्याच्या कडेपर्यंत नेलेली. तुळईला पाळण्यासाठी नवा आकडा ठोकलेला. बाहेर भिंतीपासून चार हातांवर कारल्याचे दोन कोंब मातीतून वर आले होते.

त्यांनी शनिवारीच वर कळवलं असतं तर याडी वाचली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. त्यानं काही होत नाही. ही खोली हातात येईपर्यंतचे ते तीन दिवस त्यांनी माझ्यासाठी घेतले होते.

त्या खोलीत आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. तिथली भिंत कधी चिरली नाही. मुलगी त्या आकड्याच्या पाळण्यात वाढली. फडक्यातले काचेचे दोन तुकडे अजून माझ्या पेटीत आहेत. फुटकी काच घरात ठेवू नये, हे मला ठाऊक आहे.