सर्व्हरबाईंच्या दोन जावा

सर्व्हरबाई यंत्रांना नाती लावत. दिग्रसच्या आमच्या सहकारी संस्थेचे सगळे संगणक त्यांच्याकडे होते. एकाच लोखंडी पेटीत पाच-सहा सर्व्हर कसे चालतात, हे त्यांनी मला 'एका घरातली बिऱ्हाडं' म्हणून समजावलं. या बिऱ्हाडांवर देखरेख करणारे दोन सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते, वेगवेगळ्या पेट्यांत. त्या जावा. "एकीले सांगतलं का दुसरीले कळतेच, साहेब. निजवाच्या तं दोघी, उठवाच्या तं दोघी."

बाई जवळच्या तांड्यावरच्या. सर्व्हर बंद होत असला की हात बांधून पडद्यापुढे बसत. मी चिडवायचो, "अंगाई म्हणता काय, बाई?" त्या म्हणत, "तुमी नुसती फाईल मिटवता. तिले अजून लिवाचं रायते."

कार्यालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. अध्यक्षांनी सर्व्हरच्या पूजेचा मुहूर्त सव्वाअकराचा काढला. बाईंनी आधी बिऱ्हाडं बंद केली, मग दोन्ही जावांना बंद व्हायची आज्ञा दिली आणि टेम्पोत गादी अंथरायला खाली निघाल्या. "थोरली निजली. धाकली लिवून राह्यली. हात नोका लावू."

तेवढ्यात अध्यक्षांचा तिसरा फोन आला. "नारळ हातात धरून किती वेळ उभा राहू? तिथं अधिकारी तुम्ही का ती बाई?" माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मी धाकटीच्या पेटीचं बटण दाबून धरलं. दिवा विझला.

मुहूर्त साधला, पण धाकटी उठेना. बाईंनी मला बाजूला घेतलं. "मधात कोनी बटन दाबलं काय, साहेब? तसं असन तं दोघींच्याही जपून ठेवलेल्या जुन्या नकला लावतो, तासाभरात उठतेत. नाही तं पेटीच रस्त्यात दुखावली, खोला लागन."

"कोणीच नाही," मी म्हणालो.

बाईंनी पेटी खोलली. त्यातली बिऱ्हाडंही मग बंदच राहिली. नेर, फुलसावंगीच्या शाखांतून माणसं तीन दिवस काम न होताच परत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला न विचारता दोघींच्या जुन्या नकला लावल्या. तासाभरात दोघी उठल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उठल्या," एवढंच म्हणाल्या.

अहवाल मी लिहिला: 'सर्व्हर बंद करताना संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' बाईंनी तो पूर्ण वाचला आणि खाली सही केली. पुढच्या महिन्यात त्यांना कामावरून काढलं. मी सन्मानानं निवृत्त झालो. शाल अजून कपाटात आहे.

मागच्या वर्षी पुसदच्या बसमध्ये बाई भेटल्या. शेजारी त्यांची आई. "याडी, हे आमचे साहेब," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. "पोरीच्या हातून येवढी चूक झाली, तरी तुमी सांभाळून घेतलं. पोलिसात नाही देलं. देव तुमचं भलं करो, बापू."

बाई माझ्याकडे पाहत होत्या.

मीही हात जोडले.