लेओकादियाबाईंचं फुकटचं पुण्य

आमच्या वस्तीचा इतिहास नगरपालिकेने छापला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पहिल्याच पानावर लिहिलंय की दोन्या लेओकादिया नावाच्या थोर बाईंनी आपली जमीन गरिबांना दान केली आणि लिमाच्या दक्षिणेला ही वस्ती उभी राहिली. साफ खोटं. ती बाई इथे कधी फिरकलीसुद्धा नाही. या वाळूत पाय पोळून घेतले ते फेलीसितास पाउकारने, आणि तिचं नाव त्या पुस्तकात दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही.

फेलीसितासमावशी डोंगरातून आली ती पाठीला पोर बांधून आणि खांद्यावर बोरूच्या चटया घेऊन. आम्ही सगळेच तसे आलो. चार चटया उभ्या केल्या की झालं घर. वर देशाचा झेंडा लावायचा, म्हणजे पाडायला आलेल्या पोलिसांना जरा तरी विचार पडतो. पण जमीनमालकाने झेंड्यालाही भीक घातली नाही. हा मालक म्हणजे लेओकादियाबाईंचा मुलगा. जिथे गवताची काडी उगवत नाही, ती टेकडी आम्ही आल्यावर त्याला एकदम जिवापाड प्यारी झाली. पुन्हा पुन्हा पोलीस पाठवून त्याने आमच्या चटया जाळल्या. माझ्या आईची भांडीसुद्धा चेचून टाकली मेल्यांनी.

आमच्यात रीत आहे. नवं काही उभं राहिलं, मग तो दवाखाना असो की चपलांचं दुकान, त्याला एक धर्ममाता नेमायची. ती दारावर बाटली फोडते, आणि पुढे जन्मभर तिला त्याची लाज राखावी लागते. मावशी एका सकाळी म्हणाली, "आपण त्याच्या आईलाच धर्ममाता करू. स्वतःच्या आईच्या नावावर पोलिसांचे घोडे घालेल का तो?"

"ती बया येणार आहे का इथे?" माझी आई म्हणाली.

"तिला बोलावतंय कोण? नाव तेवढं आणायचं. नावाला काही जेवायला घालावं लागत नाही."

मग आम्ही पाटी रंगवली, 'व्हिया लेओकादिया', म्हणजे लेओकादियाची वस्ती, आणि पाटीला कागदी फुलांचा हार घातला. पुढच्या वेळी आलेल्या फौजदाराने पाटी वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि वरून विचारून येतो म्हणून निघून गेला. कुणा वार्ताहराने पाटीचा फोटो छापला आणि त्या दानशूर बाईंचे गोडवे गायले. आता गावभर आईचं कौतुक चाललेलं असताना मुलगा काय करणार? गप्प बसला. आम्ही पोट धरधरून हसलो. तेच हात दाखवून अवलक्षण ठरलं, हे तेव्हा कुणाला कळलं होतं!

बाई गेली, मुलगाही गेला. नातू मात्र महापौर झाला, अगदी आयत्या बिळावर नागोबा. यंदा त्याने ठरवलं की वस्तीच्या मधोमध चौक करायचा आणि तिथे आजीचा पुतळा बसवायचा. त्यासाठी आमचं सामाईक स्वयंपाकघर पाडायचं. ते स्वयंपाकघर मावशीने एका पातेल्यावर सुरू केलेलं. आम्ही बायका पाळीपाळीने रांधतो, आणि ज्यांच्या घरी चूल पेटत नाही ती माणसं तिथे येऊन जेवतात.

मावशी महापौराकडे गेली, सोबत मी होते. तो साखरेसारखा गोड बोलला.

"आजी, स्वयंपाकघर राहील की. पुतळा बाजूला सरकवू. फक्त वर्धापनदिनाला माइकवर दोन शब्द बोला. सगळ्यांत जुन्या तुम्हीच. आमच्या आजीने जमीन कशी दिली ते सांगा."

"तिने दिली नाही."

"मग वस्तीला तिचं नाव का दिलंत? तुमचीच पाटी ना?"

"तुझा बाप चटया जाळत होता म्हणून दिलं."

"ते आता कुणाला आठवतंय, आजी?"

"मला."

"मग सोमवारी जागा रिकामी करा," तो म्हणाला, आणि हसू तसंच ठेवून त्याने दुसरी फाइल उघडली.

वर्धापनदिनाला सगळी वस्ती लोटली होती. बँड होता, महापौराच्या गळ्यात मानाचा पट्टा होता. मी पुढेच उभी होते. आज मावशी याची सालटी काढणार, याबद्दल मला शंका नव्हती. मावशी तिची नमद्याची टोपी घालून मंचावर चढली. स्वयंपाकघराच्या दारात ताटल्या घेऊन रांग लागली होती, तिकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग माइक तोंडाशी धरला.

"दोन्या लेओकादियांनी आम्हाला जमीन दिली. देव त्यांचं भलं करो."

एवढंच बोलून ती खाली उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी स्वतःची मुलं टाळ्या वाजवत होती, दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसले. "हे काय केलंस, मावशी? जिवंतपणी स्वतःला पुसून टाकलंस?"

ती एप्रनची गाठ मारत होती. "नसते बोलले तर रांगेतल्या त्या म्हाताऱ्या एउलोखियोला उद्या कोण जेवू घालणार होतं? तुझा संताप? बटाटे घे सोलायला."

मी सोलले. रागाच्या भरात निम्मा बटाटा सालीबरोबर जात होता.

दुपारी महापौर आपली माणसं घेऊन जेवायला आला. लोकांसोबत बसून जेवतानाचा फोटो हवा होता त्याला. मावशीने त्याला स्वतःच्या हाताने वाढलं, आणि त्याने रस्सा दोनदा मागून घेतला. त्या दिवशी तिने सगळ्यांना वाढलं. तिच्या स्वतःच्या घशाखाली मात्र एक घास उतरला नाही.