शुभदाचे शनिवार

रेवाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. रेवा ही माझ्या मैत्रिणीची, शुभदाची मुलगी. नेदरलँड्समध्येच वाढलेली, मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की इंग्रजी. "गॉन म्हणजे? कुठे गेली?" मी खेकसलेच तिच्यावर. मग पलीकडून हुंदका आला... दुपारी झोपली ती उठलीच नाही. बावन्न हे काय जायचं वय आहे? मला रडू आलं नाही, आधी राग आला. जिला एका माणसाने दहा वर्षं मारहाण करूनही संपवता आलं नाही, ती अशी गुपचूप झोपेत निघून गेली. त्या मेथीच्या काड्या मी मुठीत चुरगाळून टाकल्या.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. शुभदाबद्दल चांगलंच लिहायचं आहे, पण ते खरं लिहायचं तर तिच्या नवऱ्याबद्दल लिहावं लागेल आणि माझ्या मूर्खपणाबद्दलही. रेवाला विचारलं तर म्हणाली, "राइट एव्हरीथिंग, मावशी." म्हणून पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे. नवऱ्याला इथे नितीन म्हणते. खरं नाव लिहून कागद विटाळायचा नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तिथल्या उइटहॉर्न गावात राहायचो, शुभदा आमच्या मागच्याच गल्लीत. माझा नवरा अविनाश आणि नितीन दोघं स्लोटरडाइकला एकाच प्रोजेक्टवर. आम्हा बायकांचे तिथे राहण्याचे परवाने नवऱ्यांच्या नोकरीला बांधलेले. तीन मराठी कुटुंबांचा आमचा गट होता आणि त्याची म्होरकी शुभदा. मंगळवारी तिची ईमेल यायचीच. शनिवारी सकाळी साडेआठला निघायचं, कधी पवनचक्क्या, कधी चीजचा बाजार, कधी समुद्र. तिखटमिठाच्या पुऱ्या ती करणार, दहीभात मी. वादळ असो, बर्फ असो, हिचा बेत रद्द नाही. एकदा तर अंगात सणसणून ताप असताना ट्यूलिपच्या बागेत स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती. आम्ही तिला भटकभवानी म्हणायचो. ती हसायची.

आणि नितीन... काय सांगू, असा गोड माणूस! सगळ्यांच्या पोरांना खांद्यावर घेणार, बायकांच्या हातातल्या पिशव्या घेणार, थर्मासमधला चहा आधी आम्हाला देणार. "नशीब काढलंस हो शुभदा," असं मी स्वतः म्हटलंय, आणि एकदा नाही. ऐन जुलैत समुद्रावर ती लांब बाह्यांचा शर्ट घालून बसायची. विचारलं तर म्हणे उन्हाची ॲलर्जी. एकदा पार्किंगमध्ये नितीनने गाडीचं दार आपटलं, त्यात तिची बोटं सापडली. ती ओरडली नाही. नुसती पांढरीफटक पडली. "अरेरे, चुकून लागलं गं," म्हणत तो तिच्या बोटांवर फुंकर घालत बसला, आणि आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन हजार पाचच्या शरद ऋतूत, मुलांच्या सुट्टीत, स्कॉटलंडचा बेत ठरला. आमच्या व्हिसाचे फॉर्मसुद्धा शुभदानेच भरले. गाड्या बोटीत घालून न्यूकॅसल, तिथून वर. डोंगरांच्या कुशीतलं एक गाव, त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. एकच मोठा रस्ता, लोकरीच्या कपड्यांची गिरणी, मुलांसाठी छोटी आगगाडी, डोळ्यांवर झुलपं आलेल्या केसाळ गाईंचं फार्म, तळ्यात बोट आणि गावाबाहेर पडका किल्ला. तिघांत मिळून एक मोठं घर घेतलं होतं. त्या घरात शुभदा अशी काही खुलली होती की विचारू नका. भिंतीपलीकडे सतत माणसं. आता कळतं ते का.

चौथ्या दिवशी त्यांच्या लग्नाचा दहावा वाढदिवस. आणि इथे मी माती खाल्ली. आपल्याकडची ती हौस... दोघांना पाटावर बसवून ओवाळलं, शिरा केला, आणि सगळ्यांच्या टाळ्यांत जाहीर केलं की आज रेवा आमच्याकडे, तुम्ही दोघं एकटे फिरून या. आधी किल्ला, मग तळ्यातली बोट, मग हॉटेलात जेवण. सगळं मी ठरवून ठेवलं होतं. शुभदाचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात येऊन तिने माझं मनगट धरलं. "वृंदा, सगळेच जाऊ या ना. निदान रेवाला तरी नेते."

"अगं, दहा वर्षं झाली. आता तरी नवऱ्यापाशी एकटी बस. का लाजतेस?"

"मला एकटीला पाठवू नकोस."

हे असं, या शब्दांत म्हणाली ती. आणि मी काय केलं? हसले! बाहेर सगळ्यांना ओरडून सांगितलं, नवरी लाजतेय बघा, आणि तिला खांद्याला धरून गाडीत बसवून आले. माझ्या या दोन हातांनी.

अकराच्या सुमारास आम्ही फार्मवर होतो. सहा वर्षांची रेवा कुंपणापाशी उभी, गाईकडे बघेना, रस्त्याकडे बघत होती. "बाबा आज आईला कुठली गंमत दाखवणार?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा इज ओन्ली बोस व्हेन देअर इज नोबडी." बोस म्हणजे डचमध्ये रागावलेला. "बोस झाला की काय करतो बाबा?" रेवाने कोटाची बाही वर करून आपला छोटा हात पिरगाळून दाखवला. मग स्वतःचे केस मुठीत धरून डोकं कुंपणाच्या खांबाकडे नेलं. नाटकात दाखवावं तसं, अगदी शांतपणे... पोरीला गटातल्या तिसऱ्या जोडप्याकडे सोपवलं आणि अविनाशला म्हटलं, गाडी काढ. का ते विचारू नकोस, काढ.

तिकिटाच्या खिडकीतली म्हातारी सोडली तर किल्ल्यावर चिटपाखरू नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. बुरुजाच्या दगडी पायऱ्यांखाली शुभदा बसली होती, नव्हे, पडली होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला. शेजारी ओवाळताना घातलेला कापडी गजरा चिखलात. आणि नितीन दोन पावलांवर उभा राहून हातरुमालाने बूट पुसत होता. "पाय घसरला हिचा," तो हसत म्हणाला. तेच हसू, चहा देतानाचं. माझ्या हातात लांब दांड्याची छत्री होती. मी ती त्याच्या तोंडावर हाणली. मग परत. नाकातून रक्त आलं तरी हाणत राहिले. छत्रीच्या काड्या तुटल्या तेव्हा उरलेल्या दांड्याने मारलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. अविनाश धावत आला आणि त्याने कुणाला धरलं? मला! "वृंदा, वेड लागलंय का तुला?" म्हणे. ते मी अविनाशला अजून माफ केलेलं नाही, आणि हे वाचताना त्याला ते कळेलच.

खिडकीतल्या त्या म्हातारीने पोलिसांना बोलावलं होतं. तिने त्याला शुभदाचे केस धरून ओढताना पाहिलं होतं. पोलिसाने खाली बसून शुभदाला हळू आवाजात विचारलं. "आय स्लिप्ड," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत पुटपुटली, "याची नोकरी गेली तर परवाना जाईल. आम्हाला परत पाठवतील. तिकडे रेवाला हा ठेवून घेईल गं."

"खड्ड्यात गेला परवाना. उद्या तू मेलीस तर रेवा कुणाकडे राहील?"

मग मोडका हात छातीशी धरून, फाटक्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करत ती त्या पोलिसाला म्हणाली, "ही पुश्ड मी. ही ऑलवेज डझ."

परतीच्या बोटीवर ती आणि रेवा आमच्याबरोबर होत्या. नितीनला पोलिसांनी तिथेच ठेवून घेतलं होतं. पुढे तो पुण्याला गेला, दुसरं लग्नही केलं म्हणे. शुभदा आठ महिने आमच्या माडीवर राहिली. डॉक्टर, वकील, नगरपालिका, सगळीकडे पायपीट केली. गणपतीच्या कार्यक्रमात एक बाई म्हणाल्या, घरातलं असं चव्हाट्यावर आणायचं नसतं. मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "का, चव्हाट्यावर हात मोडत नाहीत म्हणून?" त्यानंतर आम्हाला आरतीचं आमंत्रण येईना. गेलं उडत. शुभदाला स्वतःचा परवाना मिळाला, मुलगी मिळाली. तिला न्यूनेन गावाजवळ प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिथे तिने छोटं घर घेतलं.

तेव्हापासून दर आठवड्याला मी तिला म्हणायची, चल, अमुक ठिकाणी जाऊ. ती कधी आली नाही. वर्षानुवर्षं एकच उत्तर, "शनिवारी मी घरी असते." एकदा मी चिडलेच. "एवढी भटकायची आवड होती तुला, कुठे गेली ती?"

"आवड?" शुभदा खो खो हसली. "वृंदे, मला गाडी लागते गं. दर शनिवारी गोळी गिळून निघायचे. पवनचक्की बघून बघून कंटाळले होते मी. पण चार माणसांत असला की तो हात उचलायचा नाही. आठवड्यातला तेवढा एक दिवस मिळायचा."

त्या एका दिवसावरही मीच घाला घातला होता. तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तू पाठवलंस म्हणूनच सुटले ना." ते खरं होतं की माझं मन राखायला म्हणाली, ते आता कुणाला विचारू?

परवा न्यूनेनला गेले होते. रेवा घर आवरत होती. खिडकीपाशी शुभदाचा लांबट कोच आहे. उशीचा मधला भाग दबलेला, खाली सपाता. दुपारी घरात निर्धास्त झोपायची चैन ती तिथे करायची, मधलं दार सताड उघडं ठेवून. मी कोचाच्या कडेला टेकले आणि मला रडू आवरेना. रेवा जवळ येऊन बसली. "मावशी, शॅल आय टेक यू आउट समव्हेअर? जस्ट अ ड्राइव्ह?"

"नको बाळा," मी म्हटलं. "शनिवार आहे. घरीच बसू."

तिने चहा टाकला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी कुठेही गेलो नाही.