काकूंचे चोपन्न किलो

त्या बेटावर माझं विमान मंगळवारी आणि शुक्रवारी उतरायचं. विमान कसलं, आठ खुर्च्यांचा डबाच तो. धावपट्टी इतकी आखूड, की चाकं टेकली रे टेकली की ब्रेकवर उभंच राहावं लागे. नाहीतर पुढे समुद्र होताच स्वागताला. अशा ठिकाणी वजनाशी खेळून चालत नाही. म्हणून तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक काटा होता, गोदामात पोती तोलायला असतो तसला, आणि काट्यापाशी काटेकाका.

काकांचं काम सांगायला सोपं. प्रत्येक उतारूला काट्यावर उभं करायचं, आकडा यादीत लिहायचा, बेरीज करायची आणि कोणी कुठे बसायचं ते ठरवायचं. भारी माणसं पुढे, हलकी मागे. नवरा-बायकोची ताटातूट करायलाही ते कचरत नसत. "अर्ध्या तासाचा तर विरह आहे," म्हणायचे, "सोसा!" यादीखाली सही माझी.

आकडा मात्र त्यांनी कधी मोठ्याने उच्चारला नाही. सगळ्या बेटाचं वजन त्यांच्या पोटात होतं आणि तिथून काही बाहेर पडत नसे. लक्ष मात्र बारीक. पाववाल्याला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "दोन महिन्यांत सहा किलो उतरलात. हे बरं लक्षण नाही. तपासून या." पाववाल्याला साखर निघाली. शाळेतल्या बाईंची बॅग एका शुक्रवारी त्यांनी स्वतः उचलून विमानात ठेवली, तेव्हा बाईंना दिवस गेल्याचं त्यांच्या सासूलाही ठाऊक नव्हतं.

अशा माणसाने फक्त एका उतारूला काट्यावर चढवणं सोडून दिलं होतं. स्वतःच्या बायकोला.

लग्नानंतर लगेच, एकदा चढवलं होतं. चांगली रांग उभी होती. आकडा आला चोपन्न आणि काकू भडकल्या. "पोतं आहे का मी? चारचौघांत तोलताय ते!" घरात आठ दिवस अबोला. काकांनी धसकाच घेतला. काकू शिवणकाम करायच्या. दर दोन महिन्यांनी कापड आणि दोरे आणायला शहरात निघाल्या, की काका डोळे झाकून चोपन्न लिहायचे. परतीलाही आम्ही तोच आकडा धरायचो.

"इतकी वर्षं झाली, तरी चोपन्नच?" मी चिडवायचो.

"माझ्या यादीत ती अजून नवरीच आहे," काका म्हणायचे आणि चक्क लाजायचे. मी हसून सही ठोकायचो. पाच-दहा किलोंनी विमानाचं काही बिघडत नाही, हे मला माहीत होतं.

काकू शेवटच्या निघाल्या त्या मंगळवारीही चोपन्नच लिहिलं होतं. पायरी चढताना त्यांनी माझा हात धरला. एरवी धरत नसत.

"काकू, दमलात?" मी विचारलं.

"दोरे संपलेत रे, मी नाही," त्या म्हणाल्या. मला उत्तर आवडलं. त्यापलीकडे माझं डोकं चाललं नाही.

कापडाच्या दुकानातच त्या कोसळल्या. दुकानदाराने हॉस्पिटलात पोचवलं. शुक्रवारी मी काकांना घेऊन आलो. एकतीस वर्षं लोकांना विमानात बसवणारा हा माणूस स्वतः पहिल्यांदा विमानात बसला होता. मांडीवर जुन्या याद्यांची फाईल. डॉक्टर काय विचारतील त्याचा नेम नाही, म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी नेमकं वजनाचंच विचारलं. "यांचं वजन एक्केचाळीस भरलंय. उतरायला कधीपासून लागलं, सांगता येईल?"

काकांनी फाईल उघडली. एक पान, दुसरं, तिसरं. चोपन्न. चोपन्न. चोपन्न. प्रत्येक पानाखाली माझी सही. शेवटी काकांनी फाईल मिटली.

"माहीत नाही," ते म्हणाले. वजनाच्या बाबतीत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

डोळ्यांना तरी दिसायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो. पण काकूंचा हात शिलाईवर बसलेला. कपडा सैल वाटायला लागला, की त्या दुपारी मशीनवर बसून बाजूची शिवण आत घ्यायच्या. अंगावर काही ढगळ म्हणून दिसलंच नाही. हे त्यांनीच खाटेवरून सांगितलं, तेही जरा कौतुकाने.

"सहा वेळा आत घेतलेत हो मी कपडे."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला चोपन्न आवडायचं ना," काकू म्हणाल्या.

काका भिंतीकडे तोंड करून रडले. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. त्याहून जास्त स्वतःचा. वर्षभर आधी कळतं तर ऑपरेशन करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई बाहेर मला म्हणाल्या होत्या आणि ते काकांना सांगायचं माझ्यावर आलं होतं. सोळाव्या दिवशी काकू गेल्या.

पुढच्या मंगळवारी काका काट्यापाशी हजर. उतारूंची वजनं झाली. मी सहीसाठी हात पुढे केला, तर यादी देईनात.

"कॅप्टन, काट्यावर या."

"माझं बहात्तर, काका. तुम्हीच तर लिहिता."

"अकरा वर्षं तोंडपाठ लिहितोय," ते म्हणाले. "चढा."

मी चढलो. त्यांनी वजन सरकवलं, काटा स्थिर होऊ दिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकोणऐंशी," ते मोठ्याने म्हणाले. शेडच्या दारापर्यंत ऐकू गेलं. कोणीही हसलं नाही.

"असं सगळ्यांदेखत, काका?"

"आता सगळ्यांचं मोठ्याने सांगणार. ज्याला रुसायचं त्याने रुसावं. माझ्याकडून सुटलं, तर दुसऱ्या कोणाच्या तरी कानावर असू दे."

त्यांनी यादी दिली. मी ती पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली आणि मग सही केली.